नवा एसएमपीएस, काळा पडदा

आधी यंत्राची ओळख करून देतो, म्हणजे पुढची रडकथा कळेल. रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, एएम४ सॉकेटचा साधा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि एक जीटीएक्स ५५० टीआय ग्राफिक्स कार्ड. हसू नका. कार्ड २०११ चं आहे आणि ३४००जीच्या पोटातलं वेगा ग्राफिक्ससुद्धा त्याच्यापेक्षा दमदार आहे, हे मलाही ठाऊक आहे. ते ठेवलंय बाबांच्या १७ इंची डबा मॉनिटरसाठी. याच मॉनिटरवर बाबांनी मराठी-कन्नड लग्नपत्रिका जुळवल्या. आता मी त्यावर जुने गेम ६४० बाय ४८० मध्ये खेळतो, आणि त्या काचेवर ते जसे दिसतात तसे कुठल्याही एलईडीवर दिसत नाहीत. माझ्या बोर्डाच्या मागे एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी आहे, दोन्ही निव्वळ डिजिटल, आणि या मॉनिटरला लागतं अ‍ॅनालॉग व्हीजीए. कार्डावर डीव्हीआय-आय आहे. त्यातून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतो, साधा अडॅप्टर लावला की व्हीजीएची वायर बसते. म्हणून हा म्हातारा अजून कामावर.

बेळगावातल्या आमच्या वडगावात लाइट गेलेली डोळ्यांआधी कानांना कळते. गल्लीतले यंत्रमाग एकदम गप्प होतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एका संध्याकाळी माग चारदा थांबले आणि चारदा सुरू झाले. चौथ्या वेळी कॅबिनेटमधून फट्ट आवाज आला, मागोमाग तो ओळखीचा जळका वास. ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारी पेटी, गेला. जाळीतून टॉर्च मारला तर दोन कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. उघडून बघायचा मोह झाला, पण आवरला. २३० व्होल्ट एसी सरळ करून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात बसतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून असतात. ज्याला ते नीट उतरवता येत नाहीत त्याने स्क्रू ड्रायव्हर लांबच ठेवावा. मी त्यातलाच.

नवा ५५० वॅटचा सेमी-मॉड्युलर, म्हणजे काही वायरी सुट्या करता येणारा, मागवला. यायला नऊ दिवस लागले. हे नऊ दिवस लक्षात ठेवा.

पहिली रात्र. जुन्याच्या सगळ्या वायरी ओढून काढल्या. खरं तर सगळ्या काढल्या का, हे मी तीनदा मोजलं, कारण मॉड्युलरमध्ये जुन्या कंपनीची केबल नव्याला लावली तर खोबण बसते आणि आतल्या तारांचा क्रम वेगळा निघतो. हार्ड डिस्क जळालेल्या बघितल्यात. बोर्डाची २४ पिनची वायर बसवली, प्रोसेसरची ४+४ पिनची बसवली, कार्डाला ६ पिन दिली. बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावरचा दिवा लागला, कार्डाचाही पंखा फिरला. मॉनिटरचा दिवा मात्र नारिंगीच. पडदा काळा.

खानापूरच्या मित्राला फोन लावला. त्याच्याकडे पावसात झाड पडून दोन दिवस लाइट नव्हती, त्यामुळे तो आधीच चिडलेला. म्हणाला, “मर्दा, मालच बोगस आलाय. परत पाठव की.”

मलाही तसंच वाटलं. बदललं काय तर एसएमपीएस, म्हणजे दोष त्याचाच, इतका सरळ हिशोब होता. परत पाठवायला सात दिवसांची मुदत होती, म्हणून आधी त्याचीच झडती घेतली. बोर्डापासून सोडवला, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार पेपर क्लिपने शेजारच्या काळ्या तारेला जोडली, एक जुना पंखा लावून दिला. पंखा फिरला. मीटरवर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेषा १२.१, ५.०४, ३.३२. करड्या तारेवर, म्हणजे ‘पॉवर गुड’वर, पाच व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, १२ ची रेष ११.४ ते १२.६ मध्ये हवी, सगळं आत होतं. पण पेपर क्लिपची ही परीक्षा पोट रिकामं असताना घेतलेली असते, भार आल्यावर रेष खाली बसू शकते. म्हणून परत बोर्डाला जोडून कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं खुपसली. ११.९८. हलेना. इथे मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, थोडं हायसं वाटलं.

दुसरा दिवस रविवार. प्रोसेसरची ४+४ काढून परत बसवली. कूलरच्या आडोशाला ती अर्धवट बसली तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, हे मी दुसऱ्यांच्या यंत्रांत दोनदा पकडलंय. कार्डाची ६+२ तिथे चुकून गेली नाही ना हेही बघितलं. आठ पिनचे दोन्ही सारखे दिसतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात. खोबणी वेगळ्या आहेत म्हणून सहज जात नाही, पण जोर लावणारे बहाद्दर असतात. मग रॅम काढली, पाय खोडरबराने पुसले, एकेक करून दोन्ही स्लॉटांत लावून बघितली. काही नाही. बोर्डाच्या एचडीएमआयला घरातला टीव्ही लावून बघितला. तोही काळा. आता बोर्डच गेला असं वाटायला लागलं.

टीव्ही लावताना कार्ड तसंच स्लॉटमध्ये होतं. चूक इथे झाली, आणि तिच्यापायी दोन दिवस गेले. कार्ड बसलेलं दिसलं की माझा बोर्ड आतलं वेगा आपोआप बंद करतो. तेव्हा टीव्ही काळा दिसल्याने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

आई जेवायला बोलवायला आली. जेवणाच्या टेबलावर कॅबिनेट आडवं बघून म्हणाली, “अजून तेच करूलास? आम्ही ताट कुठं ठेवायचं?”

सोमवारी संध्याकाळी छोटा बझर आणला. माझ्या बोर्डावर बिघाड दाखवणारे डीबगचे दिवे नाहीत, पण स्पीकरच्या चार पिना आहेत, आणि एवढी वर्षं त्यांना काही लावलंच नव्हतं. लावला, बटण दाबलं: एक लांब, दोन आखूड. म्हणजे तक्रार ग्राफिक्सची. आणि गंमत बघा, कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागत होता, विझत होता. यंत्र मेलेलं नव्हतं. आत कुठेतरी थांबून माझी वाट बघत होतं, फक्त मला ते दिसत नव्हतं.

मग कार्ड उपटलं आणि परत टीव्ही लावला.

लखलखीत चित्र! बायोसची, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग पुसली गेली आहेत, एफ१ दाबा, असा निरोप. आत गेलो तर तारीख १ जानेवारी २०१९. ती बघितली आणि टकुऱ्यात दिवा लागला.

साखळी अशी. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल कधीचा मेला होता. मला कळलं नाही, कारण माझं यंत्र कायम यूपीएसवर. भिंतीची लाइट गेली तरी एसएमपीएसची जांभळी तार, म्हणजे स्टँडबायचे पाच व्होल्ट, चालू राहायची आणि घड्याळ, सेटिंग त्यावर तगून राहायची. जुना एसएमपीएस गेला, ती तार नऊ दिवस कोरडी पडली, सेलमध्ये काही नव्हतं, बायोस विसरभोळं झालं आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं. माझ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सीएसएम बंद असतं.

आता सीएसएम म्हणजे काय, ते आमच्या गावच्या भाषेत. नवं यूईएफआय बायोस कार्डाशी ज्या भाषेत बोलतं ती, म्हणजे जीओपी, या २०११ च्या कार्डाच्या रॉममध्ये नाही. कचेरीत सगळे फॉर्म कन्नडमध्ये आणि आजोबांना फक्त मराठी, असं दृश्य. शेजारी कुणीतरी दोन्ही येणारा बसलेला असतो, तो फॉर्म भरून देतो आणि काम होतं. सीएसएम तो माणूस. तो रजेवर गेला की आजोबा खिडकीशी नुसते उभे. कार्डात बिघाड नाही, बोर्डात नाही, एसएमपीएसमध्ये तर नाहीच.

सीएसएम चालू केलं, सेव्ह केलं, बंद केलं, प्लग काढला, कार्ड बसवलं, प्लग लावला. एक लांब, दोन आखूड.

पाच मिनिटं मी नुसता बसून होतो. मग उमगलं की प्लग काढला तेव्हाच ते सगळं परत विसरलं. मेलेल्या सेलवर मी काहीही लिहून ठेवलं तरी प्लग काढला की पाटी कोरी. खानापूरकर म्हणाला, “प्लग चालू ठेवून कार्ड घाल की.” हे करू नका. यंत्र बंद असलं तरी प्लग चालू असताना स्लॉटमध्ये ३.३ व्होल्टची स्टँडबाय रेष जिवंत असते. कार्ड तिरकं गेलं तर कार्डही जातं आणि बोर्डही.

सेल काढून मीटर लावला. १.१ व्होल्ट. नवा असतो तेव्हा तीनच्या थोडा वर.

मंगळवारी शहापूरच्या खडेबाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेलो. आधीच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये चाललं होतं, माझ्याकडे वळले ते मराठीत. “गाडीच्या किल्लीला काय?”

“नाही काका, कॉम्प्युटरला.”

“कॉम्प्युटरला पण सेल लागतोय होय?” म्हणाले, आणि पाकिटातून काढून आधी स्वतःच्या मीटरवर टेकवून दाखवला. ३.२. न मागता.

पाऊस एवढा होता की सेल शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला. तो बसवला, कार्डाशिवाय सुरू केलं, तारीख घातली, सीएसएम चालू केलं, सेव्ह. प्लग काढला, कार्ड घातलं, डीव्हीआय-आयला अडॅप्टर, अडॅप्टरला बाबांचा मॉनिटर. बटण दाबल्यावर एक छोटी बीप आली. नारिंगी दिवा हिरवा झाला, ट्यूब तापली, आणि आधी हिरवट, मग नीट रंगात बोर्डाचा लोगो उमटला.

कॅबिनेटची बाजू अजून लावलेली नाही. केबलांचा गुंता बांधायचाय, आणि २४ पिनची केबल पुढून न घेता ट्रेच्या मागून घ्यायचीय, पण ती जेमतेम पुरते. जुन्या एसएमपीएसचा पंखा चांगला आहे, मात्र तो काढायला पेटी उघडावी लागणार, म्हणून तो तसाच माळ्यावर.

काल रात्री मुद्दाम प्लग काढून झोपलो, यूपीएसही बंद. पहाटे माग दोनदा थांबले. सकाळी सुरू केलं तर सगळं जागेवर होतं आणि बायोसचं घड्याळ माझ्या मोबाइलच्या घड्याळापेक्षा फक्त एक सेकंद मागे होतं.