तुम्ही विचारलंत म्हणून : सीबीडीच्या थेंबांनी बीपी उतरतं का?

औषधाचं दुकान आहे माझं. हल्ली महिन्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर वाकून हळूच विचारतं, "ते भांगेचं तेल... त्यानं बीपी उतरतं म्हणे?" म्हणजे सीबीडीचे थेंब; सीबीडी हा भांगेच्या रोपातला एक घटक. इतकं हळू बोलायची खरं तर गरज नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस आहेत, नुसतं पान नाही. पानांचा अर्क 'विजया' या नावानं आयुर्वेदिक औषधांच्या (आयुष) परवान्यावर विकला जातो. सीबीडीनं नशा येत नाही, नशेचं टीएचसी वेगळं. पण काही अर्कांत तेही असतं आणि त्यानं धडधड वाढते, तेव्हा लेबल वाचा.

आता बीपीचं. उतरतं, पण थोडं. २०१७ साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ९ धडधाकट पुरुषांना ६०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तेव्हा वरचं बीपी सरासरी ६ अंकांनी उतरलं. पुढे तोच डोस रोज देऊन पाहिला, तर आठवड्याभरात बसल्या जागीच्या बीपीवरचा परिणाम ओसरला. क्रोएशियात स्प्लिटला खरोखर बीपी असलेल्या ७० जणांवर चाचणी झाली. तिथे अडीच आठवड्यांत वरचा आकडा पाचेकनं खाली आला. पैसा मात्र ते औषध बनवणाऱ्या कंपनीचाच होता.

मध्यंतरी एक काका मुलानं आणून दिलेली बाटली घेऊन आले. ३० मिली, त्यात १००० मिलिग्रॅम सीबीडी. रोज रात्री दहा थेंब घ्यायचे. बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला : वीस थेंबांचा एक मिली धरला, तर दहा थेंबांत जेमतेम १७ मिलिग्रॅम. ६०० गाठायचे तर रोज १८ मिली, म्हणजे दुसऱ्याच दिवशी बाटली खडखडीत.

"पेन्शन पुरायचं नाही हो," काका म्हणाले.

मी विचारलं, "बीपीची गोळी, ॲम्लोडिपीन, चालू आहे ना?"

"आठवडाभर बंद ठेवलीय. म्हटलं, तेलाचा गुण तरी कळेल."

मशीन लावलं. १६४ आणि ९८.

बरं, दोन्ही एकत्र घेणंही डॉक्टरांना न सांगता नकोच. ॲम्लोडिपीनचा निचरा यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्याला सीबीडी अडवू शकतं. मोठ्या डोसात गोळी अंगात साचून बीपी नको इतकं खाली जाऊ शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफरीन चालू असेल तर आणखी जपावं लागतं.

काकांना त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. बोलणं झाल्यावर त्यांनी जुनं प्रिस्क्रिप्शन काढलं, गोळ्यांची एक पट्टी घेतली आणि बाटली पिशवीत टाकत म्हणाले, "मुलाला काही बोलू नका, साडेतीन हजाराची आहे."