आतून ठोकलेले

आमच्या संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे आली ती माझ्या इतिहासप्रेमामुळे नव्हे. संग्रहालय वाचनालयाच्या माडीवर आहे आणि माडीच्या जिन्यासमोर माझं घर. रविवारी दहाला कुलूप काढायचं, पंखा लावायचा, कबुतरांनी आठवडाभरात जे काही केलं असेल ते झाडून काढायचं. दोन खोल्या, चार काचेची कपाटं (त्यातली दोन एका बंद पडलेल्या सराफी दुकानातली) आणि तीन माणसं: निवृत्त सर, मेडिकलवाले काका आणि मी. पगार कुणालाच नाही, त्यामुळे कुणाला कुणावर ओरडता येत नाही. सुरुवातीला मी एक जुनी समई चिंच-मीठ लावून लखलखीत केली, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "शंभर वर्षं लागली होती हो तिला काळी पडायला." तेव्हापासून मी फक्त फरशी पुसतो.

वस्तू विकत घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीत हे गावाला माहीत आहे. तरी वस्तू येतात. वाडा पाडायचा ठरला की माळा रिकामा होतो आणि भंगारवाला ज्याला नको म्हणतो ते आमचा जिना चढतं. अडकित्ते, पानाचे डबे, निजामाच्या काळातली हाली नाणी, मोडीतले कागद. जाती सात झाली. आठवं घेऊन आलेल्या आजींना नाही म्हणवेना. ते आता दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलंय. आमच्या संग्रहात रोज उपयोगी पडणारी वस्तू ती एकच.

तर गेल्या वर्षी एक पितळी शेर आला. बाजारपेठेत ज्यांचं भुसार दुकान होतं, त्यांच्या नातवानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. सोबत चिठ्ठी: आजोबांचं नाव पाटीवर नेमकं कसं लिहायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे आता पाढ्यासारखं म्हणून दाखवावं लागतं. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, तरी आमच्या आठवडी बाजारात ही मापं पुढे बरीच वर्षं चालूच होती. शेर देखणा होता. बाहेरून दोन गोल रेघा, जाड काठ, आणि तो काठ एकाच बाजूला झिजून पातळ झालेला. रोज एकाच हातानं पोत्यात खुपसला की असं होतं, असं काका म्हणाले. मी तो उलटा केला. बुडाला खळगा होता, लिंबू बसेल एवढा. आत बघितलं तर बूड वाटी पालथी घालावी तसं वर आलेलं.

सर काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते पिशवीत ज्वारी आणि दुसऱ्या एका घरचा शेर घेऊन आले. तो शिगोशीग भरला आणि आमच्या शेरात ओतला. आमचा शेर शिगोशीग भरून वर्तमानपत्रावर दोन मुठी ज्वारी उरली.

मग पाटीचा प्रश्न आला. सर म्हणाले, जे आहे ते लिहायचं. काका म्हणाले, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे, पत्रिका येऊन पडलीय. मुंबईच्या संग्रहालयाला हे बरं असतं. तिथल्या पाटीवरच्या माणसाचा नातू दूध आणायला गेल्यावर भेटत नाही.

त्याच सुमारास तेरला जाणं झालं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा पत्ता दिलाय: भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून कापड भडोचला जायचं. हे सगळं मातीखाली गेलं, आणि गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वेचून घरात साठवलं. आज त्यांच्या नावानं तिथं सरकारी संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या बाहुल्या. हस्तिदंताची एक स्त्री तर अशी, की तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. आणि पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. हे सगळं बघताना माझ्या डोक्यात मात्र शेर. एवढ्या मोठ्या बाजारात एकही माप आतून ठोकलेलं नसेल? पण तिथल्या पाटीला कुणाची लग्नपत्रिका येत नाही.

तेर गोरोबाकाकांचंही गाव. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती, तेव्हा मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं, म्हणाले. मग आमचीही परीक्षा करा, म्हणाली. गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं, आणि नामदेव कुरकुरले तसं सांगून टाकलं: एवढं मडकं कच्चं आहे. घरी आलेल्या पाहुण्याला हे सांगायला छाती लागते. परतीच्या एसटीत मी आमच्या तिघांच्या छात्यांचा हिशोब केला. तिन्ही मिळून एक भरेना.

शेवटी सरांनीच पाटी लिहिली. "शेर. पितळ. धान्याचे माप. आतून ठोकलेले." खाली आजोबांचं नाव, चिठ्ठीत होतं तसंच.

नातू लग्नाची गडबड आटोपल्यावर आला. पाटी दोनदा वाचली. सर पंख्याकडे बघत होते. "बरोबर लिहिलंत," तो म्हणाला, "आजोबांच्या हातात कसबच होतं तसं. बारीकसारीक सगळं स्वतःच ठोकायचे." मग त्यानं शेरासोबत फोटो काढला आणि काकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

त्यानंतर पावसाळ्यात एक म्हातारी आली, शाळेच्या प्रकल्पासाठी वस्तू बघायला आलेल्या पणतीचं बोट धरून. वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी आहे आमच्याकडे. तिला वाचता येत नव्हतं आणि मी काही बोललो नाही. तिनं कपाटावरचा शेर उचलला, आत बघितलंच नाही, नुसती बोटं घातली आणि बुडावरून फिरवली.

"दोन मुठी," ती म्हणाली.

मी गप्प.

"लिवलंय का रं लेकरा, ह्या चिठ्ठीवर?"

"नाही, आजी."

"नको लिहू." तिनं शेर पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला. "बहात्तरच्या दुष्काळात सहा महिने उधार जवारी घातली त्यानं आमाला. ह्याच शेरानं."