अर्ध्या तासाची मंजुरी

कॅनडाच्या उत्तरेला तीन टेरिटरी आहेत: युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत. देशाची जवळजवळ चाळीस टक्के भूमी या तिघींत आहे आणि 2021 च्या जनगणनेत तिघींची मिळून लोकसंख्या एक लाख अठरा हजारांच्या आसपास भरली. त्यांपैकी एका टेरिटरीच्या आरोग्य खात्यात मी नर्सच्या नेमणुकांचे काम पाहते. कोणत्या, ते लिहीत नाही. इथे माणसे इतकी थोडी आहेत की वस्तीचे नाव घेतले की नर्सचे नाव सांगितल्यासारखेच होते.

या वस्त्यांमधल्या हेल्थ सेंटरमध्ये डॉक्टर नसतो. तो अधूनमधून विमानाने येतो आणि एरवी फोनवर असतो. टाके घालणे, औषध सुरू करणे, गर्भवतीची तपासणी, लसी, रात्री दोन वाजता छातीत दुखणारा म्हातारा, हे सगळे दोन-तीन नर्स सांभाळतात. त्यामुळे माझे काम म्हणजे तक्त्यात नावे भरणे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. एक नर्स एका वस्तीत प्रत्यक्ष उभी राहण्यासाठी तिचे इथले लायसन्स चालू असावे लागते, डॉक्टर समोर नसताना निर्णय घेण्याचा तिचा अनुभव तपासलेला असावा लागतो, विमानात जागा लागते आणि राहायला सरकारी घर लागते. यातले घर सर्वांत अवघड. तिथे पाणी टँकरने येते आणि सांडपाणी दुसरा टँकर घेऊन जातो. वादळात तो आला नाही आणि सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याचा पंप बंद पडतो. कागदावर जे घर ‘उपलब्ध’ असते त्याची नळी कधीची गोठून फुटलेली असते, आणि घरे ज्या खात्याकडे आहेत त्या खात्याला नर्स कधी येणार याच्याशी कर्तव्य नसते.

ज्या वस्तीबद्दल लिहिते आहे तिथे तीन पदे मंजूर होती आणि कायमची नर्स एकच होती. बाकीच्या दोन जागा नर्स पुरवणाऱ्या खासगी एजन्सीकडून आलेल्या नर्स काही आठवड्यांच्या कंत्राटावर भरून काढत. त्याच वस्तीत अनेक वर्षे हंगामी म्हणून येत असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक नर्सबाई होत्या. कोणत्या घरातली आजी इन्शुलिन घेते आणि कोणती घेतल्याचे नुसते सांगते, हे त्यांना फाइल न उघडता ठाऊक असे. शरद ऋतूत त्यांनी आणि त्यांच्या एका मैत्रिणीने लेखी विचारले की, रिकाम्या पदांपैकी एक आम्ही दोघी मिळून घेतो. सहा आठवडे मी, सहा आठवडे ती. दोघींचेही कॅनडाच्या दक्षिण भागात संसार होते, वर्षभर उत्तरेत राहणे शक्य नव्हते, पण पगार एकाच पदाचा चालणार होता. मी तो प्रस्ताव मोठ्या उत्साहाने तयार केला. तो वित्त विभागाकडून दोनदा परत आला. पहिला शेरा होता की पगाराच्या शीर्षाखाली विमानभाड्याची तरतूद नाही. दुसरा शेरा असा की दोन व्यक्तींना आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचे लाभ द्यावे लागतील, तेव्हा प्रस्ताव पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या वेळी विचारात घ्यावा.

मार्च उजाडला. सरकारी कचेरीतला मार्चअखेर काय असतो हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, आणि कॅनडा सरकारचेही आर्थिक वर्ष 31 मार्चलाच संपते. त्या आठवड्यात वस्तीतल्या कायमच्या नर्स घरी वडील गेल्यामुळे रजेवर होत्या, एका एजन्सी नर्सचे कंत्राट संपून ती परतली होती आणि तिच्या जागी येणारी नर्स वादळामुळे वाटेतच अडकली होती. केंद्रात एकटी उरलेली मुलगी वयाने लहान आणि उत्तरेत नवी. नर्सला एकटी ठेवून केंद्र चालवायचे नाही, असा आमचा दंडक आहे, पण वादळाला तो कोण सांगणार? गुरुवारी रात्री तिच्याकडे श्वास लागलेले तान्हे बाळ आले. बाळाला न्यायला निघालेले मेडिव्हॅकचे, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेणारे, विमान उतरता न आल्याने मागे फिरले. ती पहाटेपर्यंत बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरून, कानाला फोन लावून, बालरोगतज्ज्ञ सांगतील तसे श्वास मोजत बसली होती. सकाळी आभाळ उघडले आणि बाळाला नेता आले. बाळ वाचले. त्यानंतर तिने मला फोन केला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, “आज रात्री मी एकटी थांबणार नाही.” तिचे शंभर टक्के बरोबर होते.

नेहमीच्या विमानात वादळाने अडकलेले प्रवासी आणि दुकानाचा माल यांमुळे सोमवारपर्यंत जागा नव्हती. मी चार्टर विमान आणि कोणत्याही एजन्सीची तातडीच्या दराने येणारी नर्स, अशी दुहेरी मागणी वर पाठवली. अर्ध्या तासात मंजुरी आली. ज्या वित्त विभागाने एका पदाचा कागद पानगळीपासून दाबून ठेवला होता, त्याच विभागातून, त्याच अधिकाऱ्याच्या सहीने. त्या एका फेरीचे भाडे नर्सच्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराच्या घरात जात होते आणि एजन्सीचा तासाचा दर आमच्या दराहून बराच चढा होता.

दुपारी एजन्सीकडून नर्सची कागदपत्रे आली. त्याच नर्सबाई होत्या. आमच्या उत्तराची वाट पाहून हिवाळ्यात त्यांनी एजन्सीकडे नाव नोंदवले होते. दुसऱ्या एका वस्तीतले काम संपवून त्या योगायोगाने आमच्या टेरिटरीच्या राजधानीतच अडकून पडल्या होत्या. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्या थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही मला पद दिले असते, तर मी याहून कमी पैशात आले असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.” नंतर त्यांनी कोणते घर मिळणार आहे ते विचारले आणि त्या घराची पाण्याची टाकी भरली आहे का याची खात्री करून घ्यायला सांगितली. संध्याकाळी त्या वस्तीत पोहोचल्या आणि सामान न सोडताच ऑन-कॉलचा फोन त्या मुलीकडून घेऊन तिला झोपायला पाठवले.

पुढल्या आठवड्यात मी वित्त विभागातल्या त्या अधिकाऱ्यांकडे गेले. मनात भांडायचेच होते, पण त्यांचे म्हणणे ऐकल्यावर ते तितकेसे सोपे राहिले नाही. आमच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग ओटावाहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, येणाऱ्या वार्षिक अनुदानातून भागतो आणि त्याचा आकडा सूत्राने ठरतो. आमच्या गरजेने तो वाढत नाही. कायमचे पद म्हणजे पुढची वीस वर्षे बांधून घेतलेला खर्च, तर चार्टर म्हणजे एकदाच फाटणारे बिल, असे ते म्हणाले. शिवाय जाहिरात देऊनही कायमची पदे भरत नाहीत, मग त्यासाठी आणखी सवलती कशाला राखून ठेवायच्या? यातले पहिले मला पटते. दुसरे अजिबात पटत नाही, कारण जे पद ज्या अटींवर कोणी घेत नाही त्याच अटींवर ते वर्षानुवर्षे जाहीर करायचे आणि मग उमेदवार नाहीत म्हणायचे, हे मी रोज बघते. रिकाम्या पदाचा न दिलेला पगार एका रकान्यात बचत म्हणून दिसतो. एजन्सी, चार्टर आणि मेडिव्हॅक दुसऱ्या रकान्यांत जातात आणि वर्षाच्या शेवटी पुरवणी मागणीने भरून निघतात. हे दोन्ही रकाने एकाच माणसाच्या टेबलावर कधी येत नाहीत.

ही काही आमच्याच खात्याची गोष्ट नाही. 2017 मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी नुनावुतच्या आरोग्यसेवेवर दिलेल्या अहवालात रिकामी पदे आणि नर्सच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर बोट ठेवले होते. 2021 च्या हिवाळ्यात नर्सअभावी नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी येलोनाइफच्या रुग्णालयात बाळंतपणे थांबवावी लागली आणि गर्भवतींना विमानाने दक्षिणेकडच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला पाठवावे लागले. त्या विमानांचेही पैसे कोणीतरी लगेच मंजूर केलेच असतील.

विधानसभेत एजन्सी नर्सवरच्या खर्चाबद्दल प्रश्न आला तेव्हा उत्तराचा मसुदा माझ्याकडे होता. मी त्यात त्या विभागून मागितलेल्या पदाचा, नाव न घेता, एका वाक्यात उल्लेख केला. मसुदा वरून परत आला तेव्हा ते वाक्य नव्हते आणि त्या जागी ‘भरतीचे प्रयत्न सुरू आहेत’ असे होते. एप्रिलमध्ये पदाची जाहिरात पुन्हा निघाली: पूर्णवेळ, एकच व्यक्ती, निवासाची हमी नाही. नर्सबाई सध्या एजन्सीमार्फत त्याच वस्तीत आहेत आणि त्यांचे परतीचे तिकीट मीच काढले आहे.