तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमाच्या फिल्मचा रोल मी कुणाला का देत नाही

"तुझ्याकडे ४०० फुटांचा अख्खा डबा आहे, त्यातला एक रोल आम्हाला द्यायला काय जातं?" इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदाच लिहून टाकते.

हात आखडता घेतेय असं समजू नका. ४०० फुटांत ३६ फोटोंचे ७०च्या आसपास रोल निघतात. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत, हात घालून मीच कापते, मीच कॅसेटमध्ये भरते. सिनेमाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात घालणं मला गैरही वाटत नाही. ऑस्कर बर्नाकने लायका कॅमेरा घडवला तो सिनेमाच्याच ३५ एमएम फिल्मसाठी. १९२५ साली तो बाजारात आला.

अडतं ते फिल्मच्या पाठीवरच्या काळ्या थरापाशी, रेमजेटपाशी. काजळीचाच थर तो. प्रकाश मागून उलटू नये, वेगाने पळताना फिल्मवर वीज साठू नये, म्हणून दिलेला. सिनेमाच्या लॅबमध्ये तो आधी धुऊन काढतात. फोटोच्या मशीनमध्ये ती सोयच नसते. गरम डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तो सुटतो आणि तिथेच फिरत राहतो.

हे मला माहीत होतं का? आजवर मी "नव्हतं" असं सांगत आले. होतं, अर्धवट. ज्या मित्राने शूटिंगमधला उरलेला तुकडा दिला, त्याने बजावलं होतं, "साध्या लॅबमध्ये टाकू नकोस." पण सांगितलं असतं तर लॅबवाल्या काकांनी रोल घेतलाच नसता. मी तो साध्या रंगीत रोलच्या रिकाम्या कॅसेटमध्ये भरला होता. तसाच काउंटरवर ठेवला आणि गप्प बसले.

दोन दिवसांनी काकांनी आत बोलावलं. मशीन उघडं पडलं होतं, रोलर काळे झाले होते, डेव्हलपर ओतून द्यावा लागला होता. त्यांनी लाइटबॉक्सवर एक निगेटिव्ह ठेवली आणि माझ्या हातात भिंग दिलं. निगेटिव्ह माझी नव्हती. माझ्या मागोमाग गेलेला रोल, कुणाच्या तरी आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. चौरंगावर आजी, समोर ताटं घेतलेल्या लेकीसुना, आणि सगळ्यांवर खसखशीएवढे काळे ठिपके. निगेटिव्हवर काळं ते प्रिंटवर पांढरं. एक प्रिंट त्यांनी काढूनही पाहिली होती. आजींच्या गालावर, कपाळावर, डोळ्यात पांढरे ठिपके. मी नकळत अंगठ्याने पुसायला गेले.

"सांगायचं होतंस ना गं," काका एवढंच म्हणाले. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. त्या घरी जाऊन माफी मागते म्हटलं, तर पत्ता दिला नाही. माझ्या रोलचं काय झालं ते मी विचारलंच नाही.

आता घरीच धुते. बोरॅक्सच्या कोमट पाण्यात टाकी हलवली की पाणी शाईसारखं काळं निघतं. प्रत्येक वेळी तो काउंटर आठवतो. तुम्ही म्हणता, नव्या फिल्मवर तो थर नसतो. नसेल. माझ्या डब्यातल्या फिल्मवर आहे.

"माझ्या घरी येऊन धुणार असाल तर रोल देते," असं म्हटलं की "विश्वास नाही का?" म्हणून रुसता. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही "सांगेन ना लॅबमध्ये" असंच म्हटलं असतं. आणि हेही खरं, की मित्राने तो तुकडा दिला नसता तर यातलं काहीच मला आलं नसतं. ही दोन्ही उत्तरं माझ्यात भांडतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीने मागितला. नाही म्हटलं. रात्री तिच्यासाठी रोल भरला, वर मार्करने "मशीनमध्ये घालू नये" लिहिलं. फ्रिजमध्ये आहे. अजून तिला फोन केलेला नाही.