तुम्ही विचारलंत म्हणून: मी नक्की कोणाच्या बाजूची?

"तू पोलिसाची मुलगी ना गं, मग पोलिसांना दगडांनी ठेचणाऱ्या लोकांचं स्मारक कसलं दाखवतेस आम्हाला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, आला. विचारणारे आपलेच, आयर्लंडमधल्या किल्केनीला आमच्याकडे उतरलेले पाहुणे. किल्ला बघून झाला की मी त्यांना गाडीत घालून हगिन्सटाउनजवळच्या कॅरिकशॉकला नेते, जिथे 1831 मध्ये करवसुलीवरून गावकरी आणि पोलीस भिडले, आणि तिथे पोचलं की हे सुरू होतं. बरं, इथले ओळखीचे लोक बरोबर उलटं विचारतात, की तुझ्या सांगण्यात त्या पोलिसांचा एवढा कळवळा कशाला, ते तर सरकारचे हस्तक होते. म्हणजे दोन्हीकडून आरोपी मीच. तर एकदाचं लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

दशमांशाचं मी गाडीत सांगितलेलंच असतं: शेतकरी कॅथलिक, आणि पिकावरचा कर मात्र भरायचा प्रोटेस्टंट पाद्र्याला, ज्याच्या चर्चची पायरीही हे लोक चढत नव्हते. एक गोष्ट तेवढी सगळे ऐकून सोडून देतात. 1823 चा कायदा येईपर्यंत गवताळ कुरणांवर हा कर जवळपास नव्हताच, आणि इकडे दक्षिणेत गरिबाच्या बटाट्याच्या तुकड्यावर मात्र होता. म्हणजे शेकड्यांनी गुरं चारणारा मोठा शेतकरी मोकळा आणि बटाटे खाऊन जगणारा मजूर कर भरतोय. नव्या कायद्याने कुरणंही धरली आणि मग काय आश्चर्य, मोठ्या शेतकऱ्यांनाही एकदम अन्याय दिसायला लागला. 1831 च्या मार्चमध्ये इथल्याच ग्रेग्नामाना गावात या कराविरुद्ध जे पेटलं त्यात लहानमोठे सगळे एकत्र होते ते यामुळे, एरवी ही माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. त्यावर येतेच.

आता 14 डिसेंबर 1831. नॉकटोफरचे पाद्री डॉक्टर हॅमिल्टन यांची थकबाकी, त्यासाठी कोर्टाच्या नोटिसा, आणि त्या बजावणारा एडमंड बटलर, आपल्याकडे ज्याला बेलिफ म्हणतात तो. काही दिवस हेच चाललं होतं, एकट्याने गेला तर जिवंत परत येणार नाही म्हणून सोबत अडतीसेक पोलीस आणि त्यांचा प्रमुख कॅप्टन गिबन्स. पोलिसांकडे बंदुका, संगिनी. गावकऱ्यांकडे दगड, काठ्या, विळे, लाकडी हातोडे, हर्लिंग या इथल्या खेळाच्या दांड्या, म्हणजे घरात आणि गोठ्यात जे सापडलं ते. चर्चच्या घंटा वाजल्या, माणसं जमत गेली, हजाराच्या वर असतील.

तुम्ही ती जागा बघितलीत तर मला जास्त बोलावं लागत नाही, पण जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ती एक पाणंद आहे, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि बांधाच्या वर शेत. पोलीस आत शिरले तेव्हा त्यांना दोन-तीनच्या रांगेत चालावं लागलं असणार, पुढेमागे लांबलचक शेपूट, आणि गर्दी पाठीमागे, पुढे आणि डोक्यावर. बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागतो, काडतूस दाताने फाडा, दारू ओता, गजाने ठासा, आणि या अरुंद जागेत कोपर हलवायची सोय नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच डोक्यात आलं की हा रस्ता निवडला कोणी. आणि गर्दीची मागणी काय होती? पोलिसांना मारायचं ही नव्हती. बटलरला आमच्या ताब्यात द्या आणि जा, एवढंच. गिबन्सने नाही म्हटलं. कोणीतरी बटलरला धरून ओढायला घुसला, दगड आला, गोळीबार झाला, आणि एकदा बार उडाल्यावर त्या बंदुकांचा उपयोग काठीइतकाच उरला. पुढचं सगळं काही मिनिटांत. बटलर गेला, गिबन्स गेला, डझनभर कॉन्स्टेबल गेले, गावचे तीन गेले.

आणि शिक्षा? कोणालाच नाही. पुढच्या जुलैत किल्केनीला खटला उभा राहिला, बचावाला खुद्द डॅनियल ओ'कॉनेल, आयरिश कॅथलिकांचा सगळ्यात मोठा पुढारी आणि वकील, आणि सरकारी बाजू कोसळली. त्यावर आयरिशमध्ये आणि इंग्रजीत पोवाडे झाले. आज तिथे जे स्मारक आहे ते गावाच्या बाजूचं, पोलिसांचं नाही.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं होतं, सगळं, अगदी रंगवून. बाबा रिटायर्ड हवालदार, तालुक्याच्या ठाण्यांत जन्म गेला, वसुलीच्या आणि जप्तीच्या बंदोबस्ताला किती वेळा गेले असतील त्याची मोजदाद नाही. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आदल्या दिवशीच रंग दिसला होता ना, मग जादा कुमक का नाही मागितली?" मला राग आला. एवढी मोठी गोष्ट, एवढा अन्याय, आणि या माणसाला कुमक दिसते. मग म्हणाले, "आणि तो पाद्री होता का तिथे?" नव्हता. "बरोबर, ते कधीच नसतात."

एकदा अशाच एका जप्तीत बाबांच्या कपाळाला दगड लागला होता, टाके पडले. आईने विचारलं कोणी मारला, तर म्हणाले, "ज्याची म्हैस होती त्याने. माझी असती तर मीपण मारला असता." हे मी खूप वर्षं लोकांना कौतुकाने सांगायचे, बाबा किती समजूतदार वगैरे. पुढचा भाग सांगत नव्हते, तो असा की दोन दिवसांनी त्या माणसाला घरातून उचलायला बाबाच गेले आणि त्याला काही अलगद आणला नसणार. आता तोही सांगते, कारण त्याशिवाय पहिल्या भागाला काही अर्थच राहत नाही.

तर मग मी जमावाच्या बाजूची का? नाही हो. त्याच भागात जरा पलीकडे, टिपरेरीत, स्लिव्हनामॉन डोंगराच्या पायथ्याशी नोव्हेंबर 1821 मध्ये शे नावाच्या शेतकऱ्याचं घर रात्री पेटवलं. त्याने एका पोटकुळाला जमिनीवरून काढलं होतं, एवढं कारण. आत घरची माणसं, नोकर, मजूर, सगळी मिळून 16-17 जळाली. शे कॅथलिक, जाळणारे कॅथलिक, पाद्री नाही, सरकार नाही, जमीनदार नाही. एका बाईने लपून हे सगळं पाहिलं आणि भीतीने तोंड मिटून बसली, खटला 1827 मध्ये क्लॉनमेलला चालला. तेव्हा 'कॅप्टन रॉक' या बनावट नावाच्या सहीने धमकीच्या चिठ्ठ्या फिरायच्या, शवपेटीचं चित्र काढलेल्या, आणि त्या पोचायच्या बहुतेक गावातल्याच माणसाला, ज्याने दुसऱ्याची गेलेली जमीन घेतली किंवा कमी मजुरीवर काम धरलं त्याला. इथले लोक कॅरिकशॉक सांगतात, शे कुटुंबाचं नाव काढलं की विषय हवेवर जातो. मी काढते, मग ऐकून घेते की तू पोलिसांसारखी बोलतेस.

पण यावरून "बघा, म्हणजे पोलीस हवेतच होते" म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. आयर्लंडचा कारभार बघणाऱ्या रॉबर्ट पीलने 1814 मध्ये जे पोलीस दल उभं केलं, ते पहिल्यांदा टिपरेरीच्याच मिडलथर्ड भागात गेलं, आणि नियम असा की ज्या भागात दल जाईल त्याचा खर्च त्याच भागाने द्यायचा. म्हणजे ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यानेही आणि ज्याने घातला त्यानेही, सरसकट. वरून इन्सरेक्शन ॲक्ट, म्हणजे बंडाळीविरुद्धचा कायदा, सूर्य मावळल्यावर घराबाहेर सापडलात तर ज्यूरीशिवाय सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. मग 1822 मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला कॉन्स्टेब्युलरी, म्हणजे कायमचं पोलीस दल आलं, त्यातली पोरं बरीचशी शेतकऱ्यांचीच. कॅरिकशॉकला मेले ते हेच. आणि जून 1831 मध्ये न्यूटाउनबॅरीला जप्त केलेल्या गुरांवरून जमलेल्या लोकांवर योमनरीने, म्हणजे सरकारच्या बाजूच्या स्थानिक स्वयंसेवक शिपायांनी, गोळ्या घालून डझनभराहून जास्त माणसं मारली होती, ते अजून सहा महिनेही झाले नव्हते. पाणंदीतल्या लोकांच्या डोक्यात ते नव्हतं असं कोणी मला सांगू नये.

आपला काय संबंध, हाही एक उपप्रश्न असतो. आहे. इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने 1843 मध्ये सिंध घेतल्यावर तिथलं पोलीस दल आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या नमुन्यावर बांधलं, पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि इलाख्याची पोलीस व्यवस्था बदलताना तोच धडा समोर होता. अशांत भागात जादा पोलीस बसवून खर्च रहिवाशांकडून काढायचा ही युक्ती 1861 च्या आपल्या पोलीस कायद्याच्या कलम 15 मध्येही आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "ते आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं असतं तर बरं झालं असतं," आणि विषय बदलला.

नवीन आले होते तेव्हा माझं उत्तर तयार असायचं: पोलीस फक्त हत्यार, दोष व्यवस्थेचा, संपलं. कॉलेजातून आणलेली भाषा, ऐकायला झकास. पण मग बटलर कोणात धरायचा? तो पोलीस नाही, पाद्री नाही, रोजावर नोटिसा वाटणारा माणूस, आणि त्याला सगळ्यात आधी मारलं. त्या वेळच्या मला विचारलं असतं तर म्हणाली असती, त्याने ते काम घ्यायला नको होतं. हे वाक्य मला आजही पूर्ण खोटं वाटत नाही, हाच तर त्रास आहे. कारण हेच वाक्य बाबांच्या नोकरीलाही लागू होतं आणि त्या नोकरीवर मी शिकले.

आणि तरीही व्यवस्थेचा मुद्दा मी सोडणार नाही. 1832 मध्ये सरकारने थकबाकी वसुली स्वतःच्या अंगावर घेतली तेव्हा हाती लागलं त्याच्या दुपटीहून जास्त खर्च झाला. 1834 च्या डिसेंबरात रॅथकॉर्मकजवळ एका विधवेच्या दशमांशाच्या चाळीस शिलिंगांसाठी सैन्याने पुन्हा माणसं मारली. मग थॉमस ड्रमंड हा अधिकारी डब्लिन कॅसलला, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी मुख्यालयात आला, 1836 मध्ये सगळं दल एका छत्राखाली आणलं आणि पाद्र्यांच्या वसुलीला पोलीस द्यायचं बंद केलं. 1838 मध्ये दशमांशाला पंचवीस टक्के कात्री लावून उरलेला जमीनमालकाच्या गळ्यात घातला, त्याने तो खंडातून काढला ती गोष्ट वेगळी. म्हणजे थांबवता येत होतं, एका कचेरीतून, सहीने. कॅरिकशॉकच्या आधी ती सही कोणी केली नाही. लोकांनी मारलं म्हणून ती झाली का? माझे आयरिश मित्र म्हणतात, अर्थातच. मला हे नाकारता येत नाही आणि कबूल करताना जीभ जड होते.

गिबन्सचंच घ्या. बटलरला दिला असता तर त्याचे सगळे पोलीस रात्री घरी जेवले असते आणि गावचे तिघेही. दिला असता तर बटलरचे तुकडे झाले असते, गिबन्सच्या डोळ्यांसमोर. बाबा म्हणतात, देणं शक्यच नव्हतं, माणूस आपल्या ताब्यात आहे म्हणजे आहे, तिथे विचार करायचा नसतो. मी म्हणते विचार आदल्या दिवशी करायचा होता, ही माणसं घेऊन त्या पाणंदीत जायचंच नव्हतं, हुकूम आला तरी. त्यावर ते म्हणतात, "तू नोकरी केली नाहीस." हे खरं आहे, पण ते उत्तर नाही, आणि असं मी त्यांना सांगितलं की ते आईकडे फोन देतात.