पांढऱ्या पट्ट्यांची केळ

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर झड लागलेली. नर्सरीत अग्लोनिमाच्या कुंड्यांमध्ये साचलेलं पाणी ओतून टाकत होते, तेवढ्यात आप्पांचा फोन आला. "पोरी, मयात ये. एक केय पांढरी पडली. पोरगा उपटाले उभा आहे, मीच थांबवलं त्याले."

आप्पांचा मळा जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या अलीकडे, माझ्या नर्सरीपासून 10 मिनिटांवर. जूनमध्ये लावलेली मृगबाग, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, जी-नाईन जात, ठिबकावर. मी शोभेच्या झाडांची माणूस. केळीतलं मला विचारायला कोणी येत नाही, पण पान रंगीत निघालं की आप्पांना माझी आठवण होते.

हे दिवस हरण्याचे. ऊन दिसेनासं झालं की आमच्याकडे केळीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणू. पानावर पिवळट रेघा येतात, पान आखडतं, पोंगा म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान सडतं आणि मावा तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्यावर औषध नाही. दिसलं की उपटायचं आणि लांब नेऊन गाडायचं, एवढंच हातात असतं. बांधाच्या पलीकडे खड्डा खणलेलाच होता आणि त्यात आदल्या दिवशीची झाडं आडवी पडली होती. दोन महिने जपलेलं रोप असं टाकून द्यायचं म्हणजे काय, ते आप्पांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलगा फावडं घेऊन तिसऱ्या ओळीत उभा होता. "ताई, लवकर बघा. मला हे आजच्या आज बाहेर काढायचंय."

झाड अडीच फुटांचं. मी चिखलात तशीच खाली बसले. मधल्या शिरेच्या एका बाजूला पान जवळजवळ सगळं पांढरं, चुन्याचा हात मारल्यासारखं. दुसऱ्या बाजूला हिरवा, करडट हिरवा आणि पांढरा असे पट्टे. प्रत्येक पट्टा शिरेपासून निघून सरळ कडेपर्यंत गेलेला, कुठेही तुटलेला नाही. तेच पट्टे देठावरून खाली खोडावर उतरले होते. हाताने पान वाकवून उजेडासमोर धरलं. हिरवं संपून पांढरं सुरू होतं ती रेघ सुरीने कापल्यासारखी साफ होती.

मग खड्ड्यातलं एक झाड उचलून आणलं आणि शेजारी धरलं. त्याच्या रेघा पिवळ्या, तुटक, कुठेही सुरू होऊन कुठेही संपणाऱ्या. पान कडेला मुरडलेलं. पोंगा बोटांनी उकलला तर आत काळपट, आणि कुजका वास. पांढऱ्या झाडाचा पोंगा मात्र ताठ, गुळगुळीत, वास ताज्या केळीचा. पानांच्या बेचक्यात मावा शोधला. नव्हता, मुंग्याही चढलेल्या नव्हत्या.

टिश्यूच्या रोपांत असं होतं. एका कंदाच्या कोंबापासून हजारो रोपं काढताना एखाद्याच्या वाढबिंदूतच बदल होतो, काही पेशी हरितद्रव्य बनवणं सोडून देतात. प्रयोगशाळेत अशी रोपं वेचून टाकतात, एखादं नजरेतून सुटतं. हवाई बेटांवर 'आए आए' नावाची अशीच पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची केळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. ती फोटोत पाहून मी कित्येक वर्षं हळहळत होते, आणि तिच्यासारखीच एक सावद्याच्या मळ्यात माझ्यासमोर उभी होती.

तरी मी "घेऊन जाते" म्हणाले नाही. काही वर्षांपूर्वी एका नर्सरीतून व्हेरिगेटेड, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या पानांचे, म्हणून कर्दळीचे गड्डे आणले होते. पिवळ्या रेघांची पानं, गिऱ्हाइकं थांबून बघायची. दुसऱ्या वर्षी माझी साधी लाल कर्दळही तशीच रेघाळली, फुलं वेडीवाकडी आली. तो विषाणू होता. सगळा वाफा जाळला. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार ट्यूलिपांसाठी लोकांनी वेड्यासारखे पैसे ओतले, ते पट्टेही विषाणूनेच पाडलेले होते. आपल्या धंद्यात रोग देखणा दिसू शकतो, हे मला वाफा जाळताना कळलं होतं.

आणि पट्टे जन्माचे असले तरी झाडात हरण्या नसेलच असं नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. मुलगा म्हणाला, "एका झाडाच्या शोभेपायी सगळा मळा पणाला लावायचा का?" त्याचं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं. आप्पा गप्पच होते. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "गाडाचं नसीन तर घेऊन जा. पन इथं नको."

फावड्याऐवजी खुरपं मागितलं. ठिबकाची नळी बाजूला सरकवून चारी बाजूंनी माती मोकळी केली. काळी माती ओली, मुळांभोवती गोळा धरून आली, मुळं फारशी तुटली नाहीत. ओल्या बारदानात गुंडाळून झाड उचललं. नर्सरीत नेलंच नाही, तसंच भुसावळला माहेरी नेलं, गच्चीवर, जिथे आसपास केळ नाही. मोठी कुंडी, वर बारीक इन्सेक्ट नेट. पानाचा तुकडा तपासणीला पाठवला. नवीन दोन पानं आल्यावर पुन्हा पाठवला. दोन्ही वेळा हरण्या निघाला नाही. दुसऱ्या निकालाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच होते आणि खाली आईला मोठ्याने हाक मारली, एवढं आठवतं.

उन्हाळ्यापर्यंत बुडातून तीन पिलं आली. एक पूर्ण हिरवं, ते काढून टाकलं, नाहीतर तेच जोर धरतं. एक पूर्ण पांढरं, पाहत राहावं असं. पण ते आईच्या जिवावरच जगतं, वेगळं केलं की मेलं, म्हणून तोडलं नाही. तिसऱ्यात दोन्ही रंग होते. ते वेगळं करून जूनमध्ये आप्पांच्या अंगणात, मळ्यापासून लांब, लिंबाच्या सावलीत लावलं.

आपल्याकडचा एप्रिल-मे अशा झाडाला फार कठीण. पारा 45 ला टेकला की पांढरा भाग दुपारभरात करपून कागदासारखा होतो. आप्पांनी स्वतःहून चार बांबू रोवून वर काकूंचं जुनं लुगडं बांधलं. रोज सकाळी ते ओलं करतात, सायंकाळी सोडतात.

परवा पुन्हा त्यांचा फोन होता. "पोरी, नवा पोंगा उलगडला. या टायमाले डाव्या अंगानं पांढरा आहे."