आयरिसला पानंच का येतात?

मे महिना लागला की अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या आसपासच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो. कधी फोनवर, कधी मंडळाच्या कार्यक्रमात जेवता जेवता: "तुमच्याकडे आयरिस एवढे फुलतात, मग आमच्याकडे नुसती पानंच का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते. हे फूल मला फार प्रिय आहे आणि ते आलं नाही की बोल इथल्या हवेला लागतो, याचं मला वाईट वाटतं. हवा उलट त्याला मानवणारीच आहे. समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंची, कडक थंडी, लख्ख ऊन आणि वर्षभरात, बर्फ धरूनसुद्धा, साधारण 37 सेंटिमीटर पाणी. शेजारच्या बोल्डर शहरात लॉन्ग्ज गार्डन्समध्ये भर वस्तीत आयरिसची शेती आहे. ती रोपवाटिका 1905 सालची. फुलांच्या दिवसांत एकदा जाऊन बघाच.

आयरिसचे प्रकार पुष्कळ. तुम्ही विचारता तो उंच, दाढीवाला आयरिस. दांडा 70 सेंटिमीटरच्या वर, तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर केसांची दाट रेघ, तीच दाढी. जमिनीलगत दिसतो तो गड्डा. ते मूळ नव्हे, आडवं वाढणारं खोड आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. पानांच्या मधून दांडा निघाला, फुलं येऊन गेली, की त्या गड्ड्याची वाढ तिथेच संपली. केळीला घड आला की ती केळ संपते आणि पुढचं पीक तिच्या बुडाशी आलेल्या पिलांवर येतं, तसंच हे. आयरिसच्या जुन्या गड्ड्याला दोन्ही अंगांनी नवे फुटवे येतात. ते हिवाळ्याआधी चांगले जाड झाले, तर पुढच्या मेमध्ये दांडे त्यांना येतात. म्हणजे यंदाचं फूल ही गेल्या उन्हाळ्याची कमाई असते. मे उजाडल्यावर खत-पाण्याची धावपळ केली तरी त्या वर्षापुरतं सगळं ठरून गेलेलं असतं.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं जातं. फुटव्यांना पोसायला पानं लागतात, पानांना ऊन लागतं. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. घर घेतलं तेव्हा फुलणारा आयरिस पुढे मुका झाला असेल, तर आधी मान वर करून बघा. तेव्हा लावलेलं मेपलचं झाड आता मोठं झालेलं असतं. सावलीत आयरिस मरत नाही, पानं हिरवीगार राहतात, म्हणून तर माणूस वर्षानुवर्षं वाट बघत बसतो.

मी ज्या ज्या बागा बघायला गेले, तिथे सर्वांत जास्त दिसलं ते लॉनचं शेजारपण. हिरवळीच्या कडेने आयरिसची रांग लावलेली असते आणि दिसायला सुंदर असते. पण हिरवळीचं स्प्रिंकलर आणि हिरवळीचं खत या दोन्ही गोष्टी आयरिसला नको असतात. हिरवळीच्या खतात नत्र भरपूर. नत्राने पानं तरारून येतात, गड्डा मात्र भुसभुशीत, पाणीदार होतो, आणि असा गड्डा कुजायला वेळ लागत नाही. खत द्यायचंच तर पिशवीवरच्या तीन आकड्यांतला पहिला, म्हणजे नत्राचा, लहान असेल असं बघून घ्या, 5-10-10 सारखं. वसंताच्या सुरुवातीला मूठभर आणि फुलं संपल्यावर महिन्याभराने मूठभर, गड्ड्याच्या अंगावर न टाकता बाजूने. जम बसलेल्या आयरिसला पाणी द्यायचं ते माती वरची दोन-तीन इंच कोरडी झाल्यावर. स्प्रिंकलरचं तोंड फिरवता येत नसेल तर आयरिसच तिथून हलवा. मला विचाराल तर घराच्या दक्षिणेची, कुणी लक्ष देत नाही अशी तापलेली पट्टी त्याच्यासाठी सर्वांत चांगली.

आता खोलीचं. आपल्या हाताला हळद-आल्याची सवय. हळदीला मातीची भर द्यावी लागते, गड्डा उघडा पडला की चुकल्यासारखं वाटतं. आयरिसचा गड्डा उघडाच राहायला हवा. त्याच्या पाठीला ऊन लागलं पाहिजे. फार कडक उन्हाळ्याच्या गावात अर्धा-पाऊण इंच माती चालेल, डेन्व्हरला तेवढीही नको. आणि वर लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन तर मुळीच नको. बाकीच्या बागेत ते कामाचं असतं, पण इथे ते ओल धरून ठेवतं. आमच्याकडची माती चिकण, पाणी लवकर निचरत नाही, म्हणून मी सरळ वरंबा करते. वरंब्याच्या माथ्यावर गड्डा, मुळं दोन्ही बाजूंना पसरून खाली, मुळांवर माती दाबलेली आणि गड्ड्याची पाठ मोकळी. पानांची बाजू उत्तरेला ठेवली की त्यांची सावली गड्ड्यावर पडत नाही. दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर. पहिल्या वर्षी ते रिकामं रिकामं दिसतं, पण तिथे काही दाटीवाटीने लावू नका. फुटवे येऊन ती जागा भरतेच.

भरते, आणि मग गर्दी होते. ज्या वाफ्यात आधी फुलं येत होती आणि हळूहळू कमी होत गेली, तिथे बहुतेक हेच कारण असतं. मध्ये जुने, फुलून गेलेले गड्डे एकमेकांवर चढलेले, आणि नव्यांना जागा नाही. म्हणून दर तीन-चार वर्षांनी, फुलं संपल्यावर चार-सहा आठवड्यांनी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, सगळा गठ्ठा उपसायचा. कडेचे टणक फुटवे मोडून घ्यायचे, मधले म्हातारे गड्डे टाकून द्यायचे. पानं सहा इंचांवर छाटायची ती फक्त या वेळी. एरवी फुलं झाल्यावर नीटनेटकं दिसावं म्हणून लोक जूनमध्येच हिरवी पानं कापतात, ते कृपा करून करू नका. ती पानंच पुढच्या वर्षीचे गड्डे भरत असतात. कापायचा तो वाळलेला दांडा, अगदी बुडापासून. नव्याने लावलेला गड्डा पहिल्या मेमध्ये फुलला नाही तर काळजी करू नये, त्याला एक वर्ष द्यावं.

उपसताना घाण वास आला आणि गड्डा बोटाने दाबला जात असेल, तर ती जिवाणूंची कुज. मऊ भाग चमच्याने खरवडून पांढऱ्या, टणक गरापर्यंत यायचं, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून धुवायचं आणि गड्डा दोन-तीन दिवस उन्हात टाकायचा. पुष्कळदा वाचतो.

गारा आणि मेमधला उशिराचा बर्फ यांच्यावर मात्र इलाज नाही. दांडे मोडले तर घरात आणून पाण्यात ठेवा, कळ्या उमलतात.

रंगांबद्दलही विचारता, म्हणून थोडं. खरा लाल आयरिस नाही. कॅटलॉगमध्ये लाल म्हणून दाखवतात तो विटकरी किंवा मरून असतो. जास्वंदीला येणारा तो झळझळीत लाल या फुलात अजून कुणाला आणता आलेला नाही. गुलाबी आहे, आणि तो येतो लायकोपीनमुळे, टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य तेच. पहिल्यांदा लावणाऱ्याला मी 'डस्की चॅलेंजर' सुचवते. ओरेगनच्या श्रायनर बागेतला, 1986 सालचा, गडद जांभळा, रेशमी. 1992 साली त्याला डाइक्स पदक मिळालं, आणि हा या फुलासाठीचा अमेरिकेतला सर्वोच्च मान आहे. पांढऱ्यात 'इमॉर्टॅलिटी' घ्या. तो शरदातही पुन्हा फुलू शकतो, थंडीने आधी गाठलं नाही तर.

राहिला पुण्या-साताऱ्याहून येणारा प्रश्न: गड्डे पाठवले तर तिकडे येतील का? मी नाही म्हणते. या आयरिसला खरा हिवाळा लागतो, आणि उन्हाळ्यात त्याला कोरडं राहायचं असतं. पुण्यात 70 सेंटिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, गड्ड्यांनी तापत पडायचं नेमक्या त्याच दिवसांत. काश्मीरची गोष्ट वेगळी. तिथे दाढीवाले आयरिस पिढ्यान् पिढ्या कबरींवर लावले जातात आणि वसंतात कबरस्तानं त्यांनी भरून जातात. महाराष्ट्रात आयरिसच हवा असेल तर बेलामकांडा लावा. नारिंगी फूल, त्यावर तांबडे ठिपके, पानांचा पंखा अगदी आयरिसचा. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2005 साली त्याला आयरिसमध्येच घातलं आहे. दाढी नाही आणि फूल एकच दिवस टिकतं, पण कळ्या एकामागून एक येत राहतात. त्याला आपला पाऊस चालतो, तो बियांपासून येतो, आणि पुढे बोंडं उकलली की आत काळ्या, चकचकीत बियांचा घोस दिसतो. त्या बिया काढून पुन्हा पेरा.